एच. पायलोरीची टेस्ट आणि कोर्स नीट कसा करायचा

अल्सरमागे एच. पायलोरी आहे असं डॉक्टरांनी सांगितलं की आधी हा जंतू पोटात टिकतो कसा ते समजून घ्या, म्हणजे पुढचं पथ्य का पाळायचं ते आपोआप पटेल.

तो युरियेज नावाचं एन्झाइम वापरून युरियाचा अमोनिया करतो, त्याने अंगाभोवतीचं ॲसिड मारलं जातं, मग शेपट्या हलवत म्युकसच्या चिकट थरातून खाली पेशींपर्यंत जातो आणि तिथे घट्ट धरून बसतो. धरायला त्याच्या अंगावर प्रोटीन्स असतात, त्यातलं बॅबए आपल्या पेशींवरच्या लुईस बी नावाच्या साखरेच्या साखळीला पकडतं, आणि सूज आली की पेशींवर आणखी एका प्रकारची साखर वाढते, तिला साबए पकडतं, म्हणजे आपल्याच सुजेतून त्याला नवीन खुंटी मिळते. पेशी तर सारख्या झडत असतात, मग हा वाहून का जात नाही? कारण झडलेल्या पेशीसोबत वर जाताना भोवतीचं ॲसिड वाढलं की बॅबएची पकड सुटते, जंतू मोकळा होतो आणि पोहत परत खाली येऊन चिकटतो. इतका चिवट आहे तो, वर्षानुवर्षं राहतो.

आता टेस्ट. ब्रीद टेस्टमध्ये खास कार्बन असलेला युरिया प्यायला देतात, जंतू असला तर युरियेज तो फोडतं आणि तोच कार्बन श्वासात सापडतो. पँटोप्राझोल, ओमेप्राझोलसारख्या ॲसिड कमी करणाऱ्या गोळ्या चालू असल्या तर जंतू दबलेला असतो आणि रिपोर्ट खोटाच निगेटिव्ह येऊ शकतो, आमच्या आईचं हेच झालं, गोळी चालू आहे का हे कुणी विचारलंच नाही आणि दुखणं लांबलं. म्हणून डॉक्टरांना विचारून या गोळ्या 2 आठवडे आधी आणि अँटिबायोटिक्स 4 आठवडे आधी बंद हव्यात.

कोर्स बहुतेक वेळा 14 दिवसांचा असतो, दोन तरी अँटिबायोटिक्स आणि सोबत ॲसिड कमी करणारी गोळी. चौथ्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडू नका प्लीज, उरलेले जंतू पुन्हा वाढतात आणि तेच औषध पुढच्या वेळी चालेनासं होऊ शकतं. मळमळ होत असेल तर डॉक्टरांना फोन करा, डोस स्वतःहून गाळू नका. काळी शी किंवा उलटीत रक्त दिसलं तर मात्र थेट हॉस्पिटल.

कोर्स संपल्यावर निदान 4 आठवडे थांबून परत ब्रीद टेस्ट किंवा शौचाची अँटिजेन टेस्ट करा, ॲसिडिटीच्या गोळ्यांचा नियम तेव्हाही तोच. रक्ताची अँटिबॉडी टेस्ट यासाठी नको, जंतू गेल्यावरही ती बरेच महिने पॉझिटिव्ह येत राहते.