मासे खाऊनही प्रोटीन कमी? व्यायाम करणाऱ्या कोकणकरांनो, या चुका टाळा

मालवणात माझी छोटीशी व्यायामशाळा आहे. तीन महिने घाम गाळूनही दंड तसाच राहिला की पोरं विचारतात, "दादा, कोणती पावडर घेऊ?" मी उलट विचारतो, "काल काय जेवलास?" उत्तर ठरलेलं. "मासेच खातो ना आम्ही!" मग मी वार विचारतो, आणि गोम तिथेच निघते.

वार मोजायला विसरणं

रविवार, बुधवार, शुक्रवार मासे. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, मंगळवारही बऱ्याच घरांत पाळतात. शिवाय १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, आणि होड्या पुन्हा समुद्रात जातात न जातात तोच श्रावण. म्हणजे मासेखाऊ म्हणवणारा माणूस वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस भात-आमटीवर असतो.

शरीर जादा चरबी साठवून ठेवतं, तशी प्रोटीनची कोठी त्याच्याकडे नाही. खाल्लेलं प्रोटीन पचून त्याची अमिनो आम्लं होतात. त्यातली लागतील तेवढी स्नायू, एन्झाइम, हार्मोन घडवायला जातात. उरलेल्यांतला नायट्रोजन युरिया होऊन लघवीवाटे बाहेर पडतो आणि बाकीचा भाग इंधन म्हणून वापरला जातो किंवा चरबीत जातो. त्यामुळे रविवारी चार बांगडे हाणले म्हणून सोमवारची तूट भरून निघत नाही.

गरज किती? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत निरोगी प्रौढासाठी वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम हा आकडा आहे. ६० किलोच्या माणसाला साधारण ५० ग्रॅम. नेमाने वजनं उचलत असाल तर किलोमागे १.२ ते १.६ धरा, म्हणजे ७२ ते ९६.

पिठीवर भिस्त ठेवणं

इथे माझ्यावर आमच्याकडची माणसं रागावतात. कुळथात प्रोटीन भरपूर आहे, १०० ग्रॅम कोरड्या कुळथात २२ ग्रॅमच्या आसपास. पण पिठीला, म्हणजे कुळथाच्या पिठाच्या पातळ कालवणाला, माणशी पीठ किती लागतं? दोन मोठे चमचे, फार तर २० ग्रॅम. म्हणजे पोटात गेलं चार-साडेचार ग्रॅम, बाकी पाणी, लसूण आणि कोकम. पिठी-भात मलाही प्रिय आहे, पण त्याच्या जिवावर छाती भरत नाही. त्याच कुळथाची मोड आणून दाट उसळ करा. ५० ग्रॅम कोरडे कुळीथ म्हणजे ११ ग्रॅम. काळ्या वाटाण्याचंही तसंच: रश्शावर भागवू नका, वाटाणे ताटात येऊ द्या. सोबत भात राहू दे. कडधान्यात मेथिओनिन हे अमिनो आम्ल कमी असतं आणि तांदळात लायसिन हे दुसरं, दोघं एकमेकांची उणीव भरतात.

आता एका साध्या सोमवारचा हिशेब करा. सकाळी चहा आणि दोन घावणे, दुपारी भात-पिठी, संध्याकाळी चहा-खारी, रात्री भात, आमटी, पापड. दिवसभरात कोरडे तांदूळ ३०० ग्रॅम धरले तरी त्यातून २०-२२ ग्रॅमच येतात, आणि सगळं मिळून ३५-४० च्या पुढे गाडी जात नाही. यात दोन अंडी घाला (साडेबारा ग्रॅम), पिठीऐवजी उसळ करा, रात्री वाटीभर दही घ्या. वार मोडायचा नसेल तर अंड्यांऐवजी पनीर किंवा सोयाबीनच्या वड्या चालतील. ३० ग्रॅम कोरड्या वड्यांत १५ ग्रॅम निघतात. चव मला आवडत नाही, पण मालवणी मसाल्यात खपून जातात.

काजू आणि सोलकढीला प्रोटीन समजणं

मूठभर काजूत, म्हणजे ३० ग्रॅममध्ये, प्रोटीन पाच-सहा ग्रॅम आणि चरबी १३-१४. वजन वाढवायचं असेल तर खुशाल खा. सोलकढी मात्र नारळाचं दूध आणि कोकम. ताकासारखी दिसते म्हणून ताकाचं काम करत नाही.

भात सोडून देणं

मोबाइलवर बघून भात बंद करणारे चार दिवसांत स्क्वॉटला गुडघे टेकतात. व्यायामाला लागणारं ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंतला इंधनाचा साठा, मुख्यतः पिष्टमय पदार्थांतून भरतं. भात थोडा कमी करून त्या जागी बांगडा वाढवा. एका मध्यम बांगड्याच्या मांसातून जवळपास २० ग्रॅम प्रोटीन मिळतं, म्हणजे पावडरच्या एका मापाच्या जवळपास. व्यायामानंतर अर्ध्या तासातच खाल्लं पाहिजे, अशी काही सक्ती नाही. दिवसाची बेरीज आधी, मग ती तीन-चार जेवणांत वाटली जाते का ते बघा.

पावसाळ्यात सुकट-जवळा कामाला येतो, दोन चमचे जवळ्यात पाच-सहा ग्रॅम. पण त्यात मीठही असू शकतं, रक्तदाब असणाऱ्यांनी बेताने.

पावडर घेतल्यावर पोट फुगणं

बहुतेकदा दोष लॅक्टोजचा, म्हणजे दुधातल्या साखरेचा असतो. दुधापासून केलेल्या व्हे पावडरच्या कॉन्सन्ट्रेट प्रकारात ते उरतं, जास्त शुद्ध केलेल्या आयसोलेटमध्ये फार कमी. मी स्वतः एकदा स्वस्तात, बिल नसलेला डबा घेतला होता आणि आठवडाभर पोट धरून बसलो. डब्यावरचा अन्नसुरक्षेचा (FSSAI) १४ आकडी परवाना क्रमांक बघायला तेव्हापासून शिकलो. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रोटीन वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आणि घरातल्या आजीचं ताट बघा. माशाची तुकडी कमावत्या माणसाला, आजीला पेज आणि लोणचं. वयाबरोबर स्नायू झिजतात, त्यामुळे साठीनंतर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम लागतं. तिच्या पेजेबरोबर अंडं किंवा मऊ उसळ द्या आणि खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठबस करायला लावा. आमच्या आईने पहिल्या दिवशी चार केल्या आणि मला शिव्या घातल्या. आता बारा करते, शिव्या तेवढ्याच.