पिस्तुलावर रेड डॉट घेताय? आधी या चुका टाळा

२०२४ च्या ऑगस्टात नाशिकच्या आमच्या शूटिंग रेंजवर जत्रा भरली होती. पॅरिस ऑलिंपिकला मनू भाकरने १० मीटर एअर पिस्तूलमध्ये कांस्य घेतलं, पाठोपाठ आपल्या स्वप्नील कुसाळेने रायफलमध्ये. मग काय, गंगापूर रोडपासून सिडकोपर्यंतचे आईबाप पोरांना घेऊन हजर. गर्दीबद्दल माझी तक्रार नाही. माझं डोकं फिरतं ते तिसऱ्या आठवड्यात येणाऱ्या प्रश्नाने: "सर, रेड डॉट कुठला घेऊ?" रेड डॉट म्हणजे पिस्तुलावर बसवायची छोटी काच, तिच्यातून बघितलं की नेमाच्या जागी लाल ठिपका दिसतो. अजून ग्रिप नीट धरता येत नाही, ट्रिगरवर बोट कुठे टेकवायचं ते कळलेलं नाही, आणि डॉट हवा. का, तर मोबाइलवर कुणीतरी धडाधड पाडताना बघितलंय.

मी स्वतः डॉट वापरतो, त्यामुळे डॉटवर राग नाही. राग आहे तो घेण्याच्या पद्धतीवर.

स्पर्धेचे नियम न बघता घेणे

ही चूक सगळ्यात महाग आणि सगळ्यात जास्त वेळा होणारी. नीट ऐका: आपल्याकडच्या जिल्हा, राज्य, राष्ट्रीय स्पर्धा ज्या आंतरराष्ट्रीय नियमांवर चालतात, त्यांत पिस्तुलाला फक्त ओपन साइट चालते. पुढे फोरसाइट म्हणजे उभी काडी, मागे बॅकसाइट म्हणजे खाच, दोन्ही नुसत्या नजरेने जुळवायच्या, संपलं. १० मीटर एअर पिस्तूल असो की २५ मीटर पॉइंट टू टू (.२२ बोअरचं, गोळीचं पिस्तूल), रेड डॉट नाही, दुर्बीण नाही, लेझर नाही. नंबरची काच लागत असेल तर ती तुमच्या डोळ्यावर हवी, पिस्तुलावर बसवलेली चालत नाही. डॉट चालतो तो आयपीएससीच्या, म्हणजे पळत-फिरत नेम मारायच्या स्पर्धांच्या, ओपन आणि प्रॉडक्शन ऑप्टिक्ससारख्या गटांत, किंवा अमेरिकेतल्या बुल्सआय स्पर्धांमध्ये. आपल्या पोराला त्यातलं काय खेळायचंय, हे आधी विचारा.

एक वडील होते इंदिरानगरचे. मुलगा नववीत, हात चांगला. वडिलांनी दिवाळीच्या बोनसमधून झकास डॉट आणला आणि क्लबला न सांगता घरीच बसवला. बॅकसाइट अडचण करत होती म्हणून ती काढून कपाटात ठेवली. पोराने दोन महिने घरच्या पॅसेजमध्ये डॉटवरच सराव केला. स्पर्धा होती बाहेरगावी. इक्विपमेंट कंट्रोलच्या, म्हणजे स्पर्धेआधी सामान तपासतात त्या, टेबलावर पिस्तूल ठेवलं, तिथल्या माणसाने एक नजर टाकली आणि म्हणाला, "हे काढा."

वडील भांडायला उभे. "अहो, वजन बघा ना, दीड किलोच्या आत आहे! ट्रिगर पाचशे ग्रॅमच्या वर आहे! तुमच्या त्या मापाच्या पेटीतसुद्धा बसतंय!" सगळं खरं होतं. वजनाची मर्यादा १५०० ग्रॅम, ट्रिगर दाबायला किमान ५०० ग्रॅमचा जोर, पेटी ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटर. तिन्हीत पास, आणि तरी पिस्तूल बाद. बॅकसाइट नाशिकला कपाटात. पोरगं उसन्या पिस्तुलावर खेळलं. ग्रिप हाताला मोठी, साइट दोन महिन्यांत बघितलेली नाही. साठ शॉट त्याने कसे काढले ते मी मागे उभं राहून बघितलं, आणि परतीच्या गाडीत इगतपुरी येईपर्यंत कोणी बोललं नाही.

म्हणून माझा नियम: स्पर्धा खेळणाऱ्या पोराच्या पिस्तुलावर मी डॉट चढवू देत नाही, सरावालासुद्धा नाही. कारण फक्त नियमाचं नाही. ओपन साइटमध्ये नजर फोरसाइटवर रोखायची असते, टार्गेट मागे धूसर राहू द्यायचं. बहुतेक जण नेम टार्गेटच्या काळ्या गोलाच्या खाली, पांढऱ्यात धरतात. डॉटमध्ये उलटं. नजर टार्गेटवर, डॉट आपोआप त्यावर तरंगतो, आणि धरायचं मधोमध. दोन्ही सवयी एकाच पोराला एकाच महिन्यात लावल्या तर तो दोन्हीकडे अर्धवट राहतो. हौसेला खेळणारे, पॉइंट टू टू घेऊन रविवारी येणारे, आणि पन्नाशीनंतर ज्यांना फोरसाइट दिसेनाशी झालीय असे माझ्यासारखे, त्यांनी खुशाल घ्यावा.

डोळे न तपासता डॉटला शिव्या घालणे

ही चूक माझीच, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

मी पहिला डॉट मागवला तेव्हा वय ४८. फोरसाइटच्या कडा कापसासारख्या दिसायला लागल्या होत्या. मुंबईच्या एका दुकानातून पार्सल आलं, बसवला, सुरू केला. डॉट कुठला, समोर एक लालभडक स्वल्पविराम, खाली डावीकडे शेपूट. दुकानदाराला फोन करून झाप झाप झापलं. बिचाऱ्याने बदलून दिला. दुसऱ्यातही स्वल्पविराम, शेपूट त्याच बाजूला. तिथेच माझी ट्यूब पेटायला हवी होती. पण नाही, मी म्हटलं स्वस्तातला माल असाच, आणि दुप्पट पैसे टाकून तिसरा घेतला. त्यातही शेपूट!

शेवटी क्लबातल्या अकरावीतल्या पोरीने माझं पिस्तूल उचललं, बघितलं आणि म्हणाली, "काका, गोल तर आहे."

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. पिस्तूल रिकामं करून उशीवर टेकवलं आणि मान तिरकी केली. शेपूट मानेबरोबर फिरली. पिस्तूल तिरकं केलं, शेपूट जागच्या जागी. म्हणजे दोष काचेत नाही, माझ्या डोळ्यात. शरणपूर रोडवरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सव्वा नंबरचा सिलिंडर, म्हणजे डोळ्याच्या वाकडेपणाचा नंबर, काढला. आणि मी तोवर कुठला चष्मा लावून नेमबाजी करत होतो? शालिमारच्या फुटपाथवरून घेतलेला वाचायचा चष्मा. त्यात सिलिंडर कुठून असणार. दुकानदाराला माफी मागितली आणि दोन किलो चिवडा पाठवला.

तुम्हाला एवढं करायला नको. विकत घेण्याआधी कुणाच्या तरी डॉटमधून बघा. वाकडा दिसला तर मोबाइलचा कॅमेरा डॉटच्या मागे धरून फोटो काढा. फोटोत गोल आणि डोळ्याला वाकडा, तर आधी डॉक्टर, मग दुकान. आणि ब्राइटनेस कमी करून बघा. निम्मे लोक ट्यूबलाइटच्या रेंजमध्ये पूर्ण ब्राइटनेस ठेवतात आणि मग डॉट फुटतो म्हणून रडतात. उन्हात आणि इनडोअरला एकच सेटिंग चालत नाही. मी डॉट शून्यापासून वर नेतो, दिसायला लागला की थांबतो. त्याच्या पुढे एक पायरीही नाही.

डॉटचा आकार

दुकानात दोन, तीन, सहा एमओए (कोनाचं माप, डॉट किती मोठा दिसतो ते) असं लिहिलेलं असतं आणि लोक "मोठा घ्या, लवकर सापडतो" ऐकून सहावाला घेतात. हिशेब सोपा आहे. एक एमओए म्हणजे १० मीटरवर साधारण २.९ मिलिमीटर. सहाचा डॉट तिथे साडेसतरा मिलिमीटर झाकतो, आणि एअर पिस्तूलच्या टार्गेटचा दहा, म्हणजे दहा गुणांचा मधला गोल, आहे साडेअकरा मिलिमीटरचा. दहा डॉटखालीच गडप. २५ मीटरवर तोच डॉट ४४ मिलिमीटर, आणि तिथल्या प्रिसिजन टार्गेटचा दहा ५० चा, म्हणजे चालून जातं. मी एअरला तीन घेतो, पॉइंट टू टूला चार किंवा सहा. एक एमओएचा डॉट कागदावर सुंदर वाटतो, पण हात हलला की असा नाचतो की नवशिका घाबरून ट्रिगर ओढतोच.

हे ओढणं म्हणजे खरा रोग. ओपन साइटमध्येही हात तेवढाच हलत असतो, फक्त डॉटमध्ये तो दिसतो. मग पोरं डॉट दहावर यायची वाट बघतात आणि आला रे आला की झटका. शॉट सातला. ७५ मिनिटं मिळतात साठ शॉटला, आणि यांचे पंचवीस मिनिटांत संपतात. आमच्या नाशिकचे क्रीडा मानसशास्त्रज्ञ भीष्मराज बाम एकाग्रतेवर शिकवत राहिले, आणि इथे पोरांना तीस सेकंद भिंतीकडे बघवत नाही. माझा उपाय कंटाळवाणा आहे: कोऱ्या कागदावर, टार्गेटशिवाय, पंधरा दिवस. डॉट नाचू दे. ट्रिगर दाबताना त्याने उडी मारली नाही पाहिजे, एवढंच बघायचं.

माउंटचा घोळ

माउंट म्हणजे डॉट पिस्तुलावर धरून ठेवणारा तळ. तो बसायला एअर पिस्तुलावर खाच असलीच तर ती बहुतेक ११ मिलिमीटरची डव्हटेल असते. बाजारातले डॉट येतात ते बहुतेक रुंद पिकाटिनी रेलसाठी. मॅचच्या बऱ्याच पिस्तुलांवर तर वर काहीच खाच नसते. लोक आधी डॉट आणतात आणि मग माझ्याकडे तोंड करून उभे राहतात. आपण नाशिककर, सातपूर-अंबडला लेथवाल्यांची काय कमी, अॅडॉप्टर करून मिळतो. पण तो करताना पिस्तूल सोबत न्यायचं नाही. माप न्या, किंवा फार तर मोकळा माउंट न्या. आणि डॉट जितका उंच बसेल तितकी पुढची डोकेदुखी जास्त.

ती डोकेदुखी अशी: घरी पाच मीटरवर झिरो करून, म्हणजे डॉट जिथे तिथेच छर्रा लागेल असं जुळवून, रेंजवर आलात तर १० मीटरला छर्रे वर लागतात. माझा डॉट नळीपासून चार सेंटीमीटर वर आहे. पाचला झिरो केलं तर दहाला जवळजवळ तीन सेंटीमीटर वर, म्हणजे दहाऐवजी थेट सातच्या कडेला. ज्या अंतरावर खेळणार त्याच अंतरावर झिरो करा.

आणि एका शॉटवर क्लिक, म्हणजे डॉट सरकवायच्या स्क्रूची एक पायरी, फिरवू नका. पाच मारा, ग्रुपचा, म्हणजे पाचही भोकांच्या पुंजक्याचा, मध्य बघा, मग फिरवा. एक एमओएची क्लिक असेल आणि ग्रुप दोन सेंटीमीटर डावीकडे असेल तर सात क्लिक. एका शॉटमागे दोन क्लिक करत बसलेला माणूस अख्खी संध्याकाळ गोल गोल फिरतो, मी बघितलाय.

पॅरलॅक्स नसतो म्हणे

पॅरलॅक्स म्हणजे डोळा हलला की डॉट टार्गेटवर सरकणं. तो नसतो असं खोक्यावर लिहिलेलं असतं. १० मीटरवर असतो. तांदळाच्या पिशवीवर रिकामं पिस्तूल टेकवा, हात काढा, फक्त डोकं हलवा. डॉट टार्गेटवर सरकेल. काचेच्या मध्यापासून पाच मिलिमीटर बाजूला डॉट दिसत असताना मारलंत तर शॉट जवळपास तेवढाच बाजूला जाऊ शकतो, आणि दहाची त्रिज्या पावणेसहाच आहे. म्हणून डॉट काचेच्या मध्यात ठेवायची सवय लावा.

बाकीचे, पटापट

स्प्रिंगच्या पिस्तुलावर नाजूक डॉट नको. स्प्रिंगचा धक्का दोन्ही बाजूंनी बसतो आणि डॉट मागे मागे सरकत जातो. मागे स्टॉप, म्हणजे अडवणारा तुकडा, लावा.

स्क्रूला निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावा, लाल नाही. लाल लावलं तर पुढच्या वेळी हीटगन घेऊन बसाल. बसवून झालं की स्क्रूवर आणि माउंटवर मिळून एक रेघ ओढा. मी बायकोची नेलपॉलिश वापरतो. रेघ तुटली की स्क्रू हलला.

पावसाळ्यात गाडीच्या एसीतून थेट रेंजवर आणून काच शर्टाने पुसू नका. दहा मिनिटं थांबा, वाफ आपोआप जाते.

सेल बहुतेक डॉटमध्ये सीआर २०३२ असतो, काहींत १६३२. खोकं उघडून बघा, मगच घ्या. मेन रोडला घड्याळवाल्याकडे दोन्ही मिळतात. सेल बदलल्याची तारीख मी डॉटच्या बुडाशी चिकटपट्टीवर लिहितो. आणि त्या इंदिरानगरच्या पोराचा डॉट आता माझ्या पॉइंट टू टूवर आहे, निम्म्या किमतीत. त्यातला सेल संपलेला निघाला. दोन महिने कुणी बंदच केला नव्हता.