तळ्यातील कोई पैदाशीसाठी निवडताना: फुगलेल्या पोटाचा चकवा

ज्यांनी दोन-तीन वर्षे कोई, म्हणजे शोभेचे रंगीत कार्प मासे, सांभाळले आहेत, ज्यांना पाण्यातील अमोनिया आणि नायट्राइटची चाचणी नव्याने समजावून सांगावी लागत नाही आणि ज्यांच्या मनात आता आपल्याच तळ्यातील माशांची पैदास करावी असे घोळू लागले आहे, त्यांच्यासाठी हा अनुभव लिहीत आहे. तळ्यातला मासा डौलदार आहे, हाताला सरावला आहे, आपला लाडका आहे, हे खरे असले तरी त्यावरून तो प्रजननास योग्य ठरत नाही. हे वाक्य मीही सुरुवातीला ऐकले होते आणि मान डोलावून विसरलो होतो.

माझी पहिली मादी कोहाकू जातीची होती, पांढऱ्या अंगावर तांबड्या पट्ट्यांची, वय सुमारे पाच वर्षे. हंगाम जवळ आला तेव्हा तिचे पोट इतके भरलेले दिसू लागले की अंडी धरली आहेत याबद्दल मला तिळमात्र शंका उरली नाही. तिला दोन नरांसह वेगळ्या टाकीत सोडले, अंडी चिकटण्यासाठी नायलॉनच्या धाग्यांचे झुपके लावले, तापमान 20 अंशांच्या आसपास राखले आणि रोज पहाटे टाकीपाशी जाऊन उभा राहू लागलो. नरांनी तिचा पाठलाग केला, दोन ठिकाणी खवले उडाले, पण तीन आठवड्यांत एकही अंडे पडले नाही. त्यानंतर तिने खाणे सोडले आणि काही दिवसांतच ती गेली. पोट उघडून पाहिले तेव्हा उजव्या बाजूस, अंडाशयाच्या जागी, मुठीएवढी कठीण गाठ होती. आजारी मादीला मी स्वतःच्या हाताने दोन नरांच्या तावडीत दिले होते.

म्हणून पोटाविषयी मी जरा जास्तच लिहिणार आहे, वाचणाऱ्याने ते सहन करावे. कोईचे पोट किमान चार कारणांनी मोठे दिसते: अंडी, चरबी, पोटात साचलेले पाणी आणि गाठ. अंड्यांनी भरलेल्या मादीचा फुगवटा छातीच्या परांच्या मागून सुरू होऊन गुदद्वाराकडे वाढत जातो, वरून पाहिल्यास दोन्ही बाजूंना सारखाच असतो, आणि ओल्या हाताने पाण्यातच अलगद आधार दिल्यास मागचा भाग मऊ लागतो. हंगामात गुदद्वाराची जागा किंचित बाहेर आलेली आणि लालसर दिसते. चरबीने जाड झालेल्या माशाचे खांदेही जाड असतात आणि शेपटीचा बुंधाही, म्हणजे तो सगळीकडूनच भरलेला असतो. पोटात पाणी साचले असल्यास, ज्याला आपण ड्रॉप्सी म्हणतो, खवले अंगापासून सुटून उभे राहतात आणि पुष्कळदा डोळेही बाहेर येतात. गाठीचे लक्षण सर्वांत फसवे, कारण मासा बराच काळ खातो, पोहतो, हातापाशी येतो. फक्त एक बाजू दुसरीपेक्षा किंचित जास्त भरलेली असते. माझ्या मादीच्या जुन्या छायाचित्रांत तो तिरकेपणा स्पष्ट दिसत होता, मात्र ती छायाचित्रे मी तांबडा रंग न्याहाळण्यासाठी काढली होती.

आता मी प्रत्येक संभाव्य मादीचे दर महिन्याला त्याच निळ्या टोपात, त्याच उंचीवरून, बाजूला मोजपट्टी ठेवून छायाचित्र काढतो. निर्णयाच्या आधी चार दिवस खाद्य बंद ठेवतो, कारण खाण्याने आलेला फुगवटा तेवढ्यात उतरतो, अंड्यांचा उतरत नाही. एका दिवसाच्या निरीक्षणावर विसंबू नये. वर्षभराच्या नोंदी हाताशी असतील तर पोट हंगामानुसार चढते-उतरते की एकाच दिशेने वाढत चालले आहे, हे लपून राहत नाही.

नराची ओळख त्यामानाने सोपी आहे. हंगामात त्याच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीच्या परांच्या पुढच्या कडांवर बारीक पांढरे दाणे येतात आणि तिथे बोट फिरवल्यास किसणीसारखे खरखरीत लागते. नवखे लोक हे दाणे पाहून पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचे औषध टाकतात. पण रोगाचे ठिपके अंगभर विस्कळीत असतात आणि मासा अंग घासत फिरतो. नर साधारण दोन वर्षांत तयार होतो, मादीला तीन ते चार वर्षे द्यावीत. लहान वयातच ‘जोडी’ म्हणून हाती दिलेल्या माशांवर माझा अजिबात विश्वास नाही, कारण त्या वयात नर-मादी खात्रीने सांगता येत नाहीत.

नक्षीबद्दल थोडे बोलतो, कारण मन तिथेच अडकते. रंगीत कोईची पैदास जपानमधील नीगाता भागात एकोणिसाव्या शतकात रुजली, त्याआधी हा खाण्याचा कार्पच होता. रंगांची निवड इतकी अलीकडची आहे की दोन उत्तम कोहाकूंच्या पिल्लांतही पट्टे विस्कटलेली, निव्वळ पांढरी किंवा निव्वळ तांबडी पिल्ले ढिगाने निघतात. म्हणून पट्ट्यांची मांडणी शेवटी पाहावी. आधी पाठीचा कणा सरळ आहे का, तोंड आणि कल्ले निर्दोष आहेत का, पांढरा रंग दुधासारखा स्वच्छ आहे का, तांबड्याच्या कडा ठाम आहेत का, आणि मुख्य म्हणजे मासा कोणत्या पैदाशीतला आहे हे माहीत आहे का, हे पाहावे. मूळ माहीत नसलेला देखणा मासा तळ्यात ठेवण्यास उत्तम आहे, पैदाशीला नाही. दोन जोड्या मिशा मोजण्याचीही सवय ठेवावी. एकच जोड किंवा अर्धवट मिशा असतील तर तो गोल्डफिशशी झालेला संकर असण्याची शक्यता मोठी आहे आणि असे मासे सहसा वांझ असतात.

आजाराच्या बाबतीत मात्र मी तडजोड करत नाही. कोई हर्पिस विषाणू 1990च्या दशकाच्या अखेरीस ओळखला गेला, त्यावर उपचार नाही, आणि त्यातून वाचलेला मासा बाहेरून ठणठणीत दिसत असतानाही विषाणू बाळगून असू शकतो. ज्या तळ्यात अशी साथ येऊन गेली आहे, तिथला कोणताही मासा, मग तो कितीही सुंदर असो, निवडू नये. ज्याचा पूर्वेतिहास ठाऊक नाही अशा पाहुण्या नराला थेट मादीजवळ सोडणे हा मूर्खपणा आहे, आधी विलगीकरण हवेच.

हे सगळे वाचून कोणी घाबरून जाईल, तर तसे कारण नाही. निरोगी, पूर्ण वाढलेली मादी आणि दोन नर एवढे असले तर योग्य तापमानात निसर्ग बहुतेक काम स्वतःच करतो, आणि एखाद्या हंगामात मादीने अंडी घातली नाहीत तरी ती पुष्कळदा शरीरातच जिरतात. अंडी पडत नाहीत म्हणून लगेच पीयूष ग्रंथीच्या अर्काच्या इंजेक्शनकडे धावू नये. ते फक्त पक्वतेच्या उंबरठ्यावर आलेल्या अंड्यांना शेवटचा धक्का देते. कच्ची अंडी पिकवत नाही आणि गाठ तर मुळीच विरघळवत नाही. मला ते सुचवणाऱ्या अनुभवी गृहस्थांनी माझी मादी केवळ छायाचित्रात, तीही बाजूने, पाहिली होती. तेव्हापासून माझा नियम असा आहे की जो तळ्याच्या काठावर येऊन, मासा टोपात घेऊन, वरून पाहत नाही, त्याचा सल्ला मासा निवडण्यापुरता तरी घ्यायचा नाही.

निवड झाल्यावरही एक प्रश्न उरतो आणि तो स्वतःच्या तळ्याला विचारायचा आहे. मादीच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण लाखभर अंडी पडतात, तीन-चार दिवसांत ती फुटतात, आणि त्यातली बहुसंख्य पिल्ले काढून टाकावी लागतात. शोवासारख्या काळ्या-तांबड्या-पांढऱ्या जातीत पिल्लांचा काळेपणा सुरुवातीलाच दिसत असल्याने ही छाटणी पहिल्या आठवड्यातच सुरू होते. छाटलेली पिल्ले नदीत किंवा सार्वजनिक तलावात सोडण्याचा विचार मनातही आणू नये, कारण कार्प जिथे बाहेरून आला तिथे त्याने तळ ढवळून स्थानिक जलचरांचे मोठे नुकसान केले आहे. लहान पिल्ले वेदनेविना संपवण्याची तयारी ज्याच्या मनाची नाही, त्याने अंडी पडल्याबरोबर झुपके बाहेर काढून वाळू द्यावेत.

माझ्याकडे सध्या सांके जातीची, पांढऱ्या अंगावर तांबड्या-काळ्या डागांची, सहा वर्षांची एक मादी आहे. गेल्या हंगामात तिच्या पोटाची डावी बाजू छायाचित्रात अर्धा सेंटिमीटर जास्त भरली, म्हणून मी तिला वगळले आणि दोन्ही नर दुसऱ्या टाकीत हलवले. यंदा दोन्ही बाजू सारख्या आहेत. तरी आणखी दोन महिन्यांची छायाचित्रे हाती आल्याशिवाय झुपके पाण्यात उतरणार नाहीत.