सेल्युलर ऑटोमेटनचा प्रोग्राम थांबतच नाही? या चुका टाळा

सेल्युलर ऑटोमेटन म्हणजे चौकटींची अशी ग्रिड, जिच्यातली प्रत्येक पेशी (उदा. जिवंत किंवा मृत) शेजारच्या पेशी पाहून ठरलेल्या नियमाने बदलते; संपूर्ण ग्रिडच्या अशा एका बदलाला पिढी म्हणतात. ग्रिडवर चालणारा सेल्युलर ऑटोमेटनचा प्रोग्राम थांबेनासा झाला की बहुतेक जण लगेच लूपच्या अटीत खोट शोधू लागतात, आणि पुष्कळदा ती तिथे नसतेच. ‘थांबत नाही’ या एकाच तक्रारीमागे दोन वेगळे प्रकार असू शकतात: एकात प्रोग्राम एका पिढीच्या आतच अडकलेला असतो, तर दुसऱ्यात पिढ्या बिनचूक पुढे सरकत असतात, पण ग्रिड त्याच त्या स्थितींमधून फिरत राहते. हा भेद न करता कोड बदलायला घेणे ही सर्वांत वेळखाऊ चूक होय. प्रत्येक पिढीच्या शेवटी तिचा क्रमांक आणि जिवंत पेशींची संख्या छापावी. क्रमांक पुढे जात नसेल तर दोष लूपमध्ये आहे, जात असेल तर थांबण्याच्या कसोटीत.

पहिल्या प्रकारातले दोष सहसा क्षुल्लक असतात. आतल्या लूपमध्ये स्तंभाच्या चलाऐवजी ओळीचाच चल वाढवला जातो. ओळी मोजणारा चल ८ बिटांचा असतो आणि ग्रिड २५६ ओळींची केली जाते. तो चल २५५ नंतर पुन्हा ० होतो आणि २५६ कधी गाठतच नाही. चिन्हविरहित पूर्णांक ‘शून्य किंवा जास्त असेपर्यंत’ उलटा मोजत नेला तरी तेच घडते, कारण तो ऋण होऊच शकत नाही. पायथनमध्ये कंट्रोल-सी दाबल्यावर प्रोग्राम कोणत्या ओळीवर होता हे दिसते, आणि तेवढ्यावर यांतला बहुतेक दोष उघड होतो.

‘बदल झाला’ ही खूण सांभाळताना होणारी चूक मात्र सहज नजरेतून सुटते. ही खूण पिढ्यांच्या लूपबाहेर एकदाच ‘असत्य’ केली, तर पहिला बदल होताच ती कायमची ‘सत्य’ राहते आणि ग्रिड पूर्ण गोठली तरी लूप चालूच राहतो. ती प्रत्येक पिढीच्या आरंभी नव्याने ‘असत्य’ करावी.

आता दुसरा प्रकार. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या गणितज्ञ जॉन कॉनवे यांच्या ‘गेम ऑफ लाइफ’ या सेल्युलर ऑटोमेटनमध्ये ब्लिंकर हा तीन पेशींचा आकार दर दोन पिढ्यांनी मूळ रूपात येतो, म्हणून ‘बदल होत असेपर्यंत चालू ठेवा’ ही अट त्याच्यापुढे कधीच संपणार नाही. मागच्या दोन पिढ्यांशी तुलना करण्याचा उपाय अनेकांना पुरेसा वाटतो. पण पल्सार या आकाराचे आवर्तन (मूळ रूपात परतायला लागणाऱ्या पिढ्या) ३ पिढ्यांचे आणि पेंटाडेकॅथलॉनचे १५ पिढ्यांचे असते, आणि ब्लिंकरसह हे तिन्ही एकमेकांना न स्पर्शता एकाच ग्रिडवर असतील तर संपूर्ण ग्रिड ३० पिढ्यांनी जुळते. जिवंत पेशींची संख्या स्थिर झाली म्हणून थांबणे तर त्याहून फसवे, कारण ग्लायडर हा ग्रिडवर सरकणारा आकार सरकत असतानाही त्याच्या पेशी नेहमी पाचच असतात.

मर्यादित ग्रिड आणि ठाम (यादृच्छिकता नसलेले) नियम असतील तर स्थितीची पुनरावृत्ती अटळ असते, परंतु १० × १० ग्रिडच्याही २ चा १०० वा घात इतक्या स्थिती संभवतात, त्यामुळे नुसती वाट पाहून भागत नाही. प्रत्येक पिढीची ग्रिड डिक्शनरीत (चावी आणि किंमत यांच्या जोड्यांच्या साठ्यात) चावी म्हणून आणि पिढीचा क्रमांक तिची किंमत म्हणून साठवावा. तीच चावी पुन्हा आढळली की दोन क्रमांकांमधला फरक हेच आवर्तन. पायथनमध्ये यादी चावी होऊ शकत नाही, म्हणून ओळींचे टपल (बदलता न येणारी यादी) करून त्यांचे एक टपल बनवावे. ग्रिडची साधी प्रत काढली तर फक्त बाहेरची यादी नवी होते, आतल्या ओळी मात्र जुन्याच राहतात. अशा प्रतीत पुढची पिढी लिहिली की शेजारी मोजताना अर्धी जुनी, अर्धी नवी ग्रिड वाचली जाते. शिवाय ‘जुनी’ आणि ‘नवी’ ग्रिड नेहमीच सारख्या दिसल्याने प्रोग्राम उलट पहिल्याच पिढीला थांबतो.

पिढ्यांची कमाल मर्यादा तरीही ठेवावी. हवी तितकी वाढणाऱ्या ग्रिडवर गॉस्परची ग्लायडर गन दर ३० पिढ्यांनी एक ग्लायडर सोडत राहते आणि एकही स्थिती पुन्हा येत नाही. ही मर्यादा १००० ठेवणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की पाच पेशींचा आर-पेंटोमिनो स्थिरावायला ११०३ पिढ्या घेतो. नियमात यादृच्छिकता असेल तर एकच ग्रिड दोनदा दिसल्याने आवर्तन सिद्ध होत नाही.

दुरुस्तीनंतर समोरासमोरच्या कडा एकमेकींना जोडलेल्या ८ × ८ ग्रिडवर एकच ग्लायडर सोडावा. तो दर ४ पिढ्यांनी एक घर तिरका सरकतो, म्हणून बरोबर ३२ व्या पिढीत मूळ जागी यायला हवा. तसे झाले नाही तर कडांचा हिशेब तपासावा: सी भाषेत –१ ला ८ ने भागल्यावर बाकी –१ च मिळते, म्हणून भागाकारापूर्वी ८ मिळवावे लागतात, पायथनमध्ये –१ हा निर्देशांक गुपचूप शेवटची ओळ देतो, त्यामुळे वरची कड योग्य वाटते आणि त्रुटी खालच्या कडेला पोहोचल्यावरच उघडी पडते.