मराठी-उर्दू शाळांचा एकत्र वर्ग: या चुका टाळा

भिवंडी, मालेगावात मराठी आणि उर्दू माध्यमाच्या शाळा वेगळ्या. दहावीपर्यंत शेजारच्या मोहल्ल्यातल्या मुलाशी धड बोलणंही होत नाही. दंगलीच्या गोष्टी मात्र दोन्हीकडे घरोघरी पोचलेल्या. अशा दोन शाळांचे आठवीचे वर्ग एकत्र बसवायचे म्हटलं की बहुतेक जण सुरुवात सणांपासून करतात. फराळ, शीरखुर्मा, एकतेचं गाणं, फोटो. मुलं खातात, टाळ्या वाजवतात आणि आपापल्या बसमध्ये जाऊन बसतात, कारण दिवसभरात त्यांना एकमेकांची गरजच पडलेली नसते.

गरज पडेल असं काम द्या. अमेरिकेत ऑस्टिनला काळ्या-गोऱ्या मुलांचे वर्ग एकत्र झाल्यावर तणाव वाढला, तेव्हा 1971 मध्ये मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी जिगसॉ पद्धत आणली: धड्याचे तुकडे करायचे आणि गटातल्या प्रत्येकाला एकच द्यायचा. तीच इथे चालते. विषय यंत्रमागाचा घ्या, तो दोन्ही वस्त्यांचा आहे. सहाचा गट, सहा तुकडे: सूत, सायझिंग (सुताला खळ देणं), बीम भरणं, कांडी, माग, ग्रे म्हणजे न रंगवलेल्या कापडाची तपासणी. वेगवेगळ्या गटांतली, पण एकच तुकडा मिळालेली मुलं आधी 15 मिनिटं एकत्र बसून तयारी करतात, मग आपल्या गटात येऊन प्रत्येक जण 5 मिनिटं शिकवतो. शेवटी 10 मिनिटांची चाचणी, ज्याची त्याने एकट्याने लिहायची आणि प्रश्न सहाही तुकड्यांवर. दोन तासिका लागतात.

गट मुलांना पाडू देऊ नका. दोन्ही शाळांचे तीन-तीन हवेत; पाच-एक झालं की तो एक जण गप्प बसतो. तुकडे मराठी आणि उर्दू दोन्हींत छापा, नाहीतर निम्मी मुलं पहिल्याच मिनिटाला ‘कच्ची’ ठरतात. कुणी अडखळला, बाकीचे हसले, तर त्याच्या वतीने तुम्ही बोलू नका. चाचणीत त्याच्याही भागावर प्रश्न आहेत, एवढी आठवण करून द्या. हसणारेच मग त्याला खोदून विचारतात.

‘तुमच्यात काय करतात, सांग बरं’ हा प्रश्न एकट्या मुलाला विचारला की तो सगळ्या समाजाचा वकील होतो. प्रत्येकाला फक्त आपल्या घरचं विचारा. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांबद्दल ‘मुसलमान असूनही संत’ म्हणणारे शिक्षकही कमी नाहीत. ते ‘असूनही’ वर्गातल्या अर्ध्या मुलांना बरोबर ऐकू जातं.

दंगलीच्या आठवणी संयुक्त वर्गात काढायला लावू नका, नाटुकलं तर मुळीच नको. ‘सुरुवात त्यांनीच केली’ असं कुणी म्हणालंच, तर गप्प करू नका आणि निवाडाही देऊ नका. आपल्या शाळेत परतल्यावर तीन प्रश्न फळ्यावर लिहा: कुणी सांगितलं? त्याने स्वतः पाहिलं का? दुसरीकडून पडताळता येईल का? दोन्ही शाळांत प्रश्न तेच.

किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींवरही कार्यक्रम मोडतो. शुक्रवारची दुपार नको, रमजानमध्ये खाणं नको. एरवी केळी आणि चणे सगळ्यांना चालतात. जागा आलटून पालटून ठेवा, एकदा या शाळेत, एकदा त्या.

पालकांना साहित्य आठवडाभर आधी दाखवा. आरती, दुआ, प्रार्थना काहीच ठेवू नका: राज्यघटनेच्या कलम 28 प्रमाणे मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत अल्पवयीन मुलाला पालकाच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही, आणि पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देताच येत नाही. धर्मांविषयी माहिती देणं वेगळं. ते चालतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2002 च्या अरुणा रॉय खटल्यात मान्य केलंय. तक्रार घेऊन आलेल्या पालकांपुढे हा फरक मांडा आणि तुकड्यांची प्रत हातात द्या.