माती न बघता झाडं लावताय? या चुका टाळा

पहिली चूक माझीच. धुऱ्यावर सागाची चाळीस रोपं लावली, खोल काळं भारी वावर, म्हटलं पऱ्हाटी (कापूस) एवढी होते तर साग सुसाट वाढंल. ऑगस्टात झड लागली, आठ दिवस पाणी हटलं नाही अन् पानं पिवळी पडायला लागली, मी आपला युरिया टाकतोय. शेवटी एक रोप उपटून पाहिलं तं मुळं काळी अन् सडका वास. सागाला निचरा लागतो भाऊ, खत नाही. पन्नास पावलांवर आपोआप उगवलेली बाभूळ मजेत उभी होती, तिच्याकडं आधीच बघायला पाहिजे होतं.

काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेग पडते अन् कोवळी मुळं तटातट तुटतात. त्यात चिकणमाती ओल घट्ट धरून ठेवते, म्हणजे हाताला ओल लागते पण झाडाला ती ओढता येत नाही. म्हणून तिथं बाभूळ, हिवर, पळस टिकतात. केनियात लायकिपियाला अशाच काळ्या मातीवर गवताचं रान अन् जवळपास एकाच जातीची काटेरी बाभूळ आहे, अन् त्या मातीला तिथं म्हणतात काय तर 'ब्लॅक कॉटन सॉइल', आपल्या कापसाचं नाव! दक्षिण आफ्रिकेत क्रूगरच्या जंगलात पश्चिमेला ग्रॅनाइटची रेताड माती, तिथं उंचवट्यावर रुंद पानांची झाडं. पूर्वेला बेसाल्टची चिकण, तिथं गवत जास्त अन् काटेरी झाडं.

दुसरी चूक, बरड, म्हणजे मुरमाड हलकी जमीन, बेकार समजणं. आपलाही खडक बेसाल्टच, पण टेकडीच्या उतारावर मुरूम, पाणी थांबत नाही, म्हणून मेळघाटात साग तिथं आहे. सालई, धावडा, तेंदू पण बरडावरच. फक्त खड्डा मोठा घ्या अन् खालचा कडक थर सब्बलीनं फोडा.

भारी मातीत मात्र उलटं. खोल खड्डा करून त्यात नुसतं भुसभुशीत शेणखत भरलं की त्याचा हौद होतो, आजूबाजूचं पाणी तिथंच येऊन बसतं. त्यापेक्षा उंचवटा करून त्यावर लावा.

खारपाणपट्ट्यातल्यांनी, म्हणजे जिथं जमिनीखालचं पाणीच खारं आहे तिथल्यांनी, बोरचं खारं पाणी रोपाला देऊ नका, माती अजून चोपण होते, म्हणजे चिकट अन् पाणी न मुरणारी.

शंका असली तं दोन फुटाचा खड्डा करा, संध्याकाळी पाणी भरा, सकाळी बघा. पाणी तसंच असलं तं साग विसरा. माझ्या चाळीसातले सहा जगले, सगळे वरच्या टोकाला, जिथं हातभर खाली मुरूम लागतो.