कागद नसलेल्या कुटुंबाला न्यू जर्सीत मदत कशी मिळवून द्याल

ओक ट्री रोडवर शनिवारी आपण डोसा खायला जातो, त्या रस्त्यावरच्या भटारखान्यांत राबणाऱ्या काहींकडे कागद नसतात. पोळ्या करून देणाऱ्या मावशींमध्ये आणि मुलं सांभाळणाऱ्या ताईंमध्येही असे असतात. कोणाचा व्हिसा कधीच संपलेला, कोणी सीमा ओलांडून आलेलं. प्यू रिसर्च सेंटरच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये अमेरिकेत असे सव्वासात लाख भारतीय होते. मी एडिसनजवळच्या एका फूड पँट्रीत (गरजूंना मोफत धान्य देणाऱ्या केंद्रात) दुभाषी म्हणून मदत करते. तिथे आलेला माणूस तांदळाची पिशवी घेण्याआधी विचारतो, "ताई, नाव लिहिलं तर पकडतील का?" अशा पँट्रीसारख्या खाजगी धर्मादाय संस्थांवर कागद तपासण्याची सक्ती सरकारी मदतीच्या १९९६ च्या केंद्रीय कायद्याने केलेली नाही, हे त्याला तिथल्या तिथे सांगा. उपाशी माणूस भीतीने परत जाऊ नये.

काय मिळणार नाही, तेही आधीच सांगून टाका. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ऑगस्ट १९९६ मध्ये सही केलेल्या त्याच कायद्याने बिनकागदी माणसाला फूड स्टॅम्प (अन्नासाठी सरकारी मदत), रोख मदत, एसएसआय (गरीब वृद्ध-अपंगांचा भत्ता) आणि नेहमीचं मेडिकेड (गरिबांचा सरकारी आरोग्यविमा) बंद आहे. "हे लोक सगळं फुकट खातात" असं पिकनिकला ऐकू येतं, त्यात तथ्य नाही. पण घरातल्या एकाला मिळत नाही म्हणजे सगळ्या घराला मिळत नाही, असंही नाही.

म्हणून सुरुवात मुलांपासून करा. इथे जन्मलेलं मूल नागरिक आहे आणि उत्पन्नाच्या अटीत बसत असेल, तर त्याला फूड स्टॅम्प आणि मेडिकेड दोन्ही मिळतात. अर्जात घरातल्या प्रत्येकासमोर विचारलेलं असतं की ही व्यक्ती स्वतःसाठी मदत मागते आहे का. आईवडिलांसमोर "नाही" लिहायचं. जो मागत नाही, त्याला स्वतःचं स्टेटस (इथे राहण्याचा कायदेशीर दर्जा) किंवा सोशल सिक्युरिटी नंबर सांगावा लागत नाही. त्याचं उत्पन्न मात्र खरं लिहावं लागतं, कारण ते घराच्या उत्पन्नाच्या हिशेबात धरतात. मी अर्ज भरायला बसते तेव्हा आधी पेन्सिलीने मुलांच्या नावांना गोल करते आणि मगच पेन हातात घेते. घाईत आईचा रकाना भरला जातो आणि नको ती माहिती सरकारदरबारी जाते.

मूल भारतात जन्मलेलं असेल आणि त्याच्याकडेही कागद नसतील, तर न्यू जर्सीत त्याला आरोग्यविमा आहे. जानेवारी २०२३ पासून १९ वर्षांखालच्या मुलांना उत्पन्नाच्या मर्यादेत एनजे फॅमिलीकेअर मिळतं, स्टेटस आड येत नाही. हा पैसा राज्याचा आहे. कुटुंब दुसऱ्या राज्यात जाणार असेल, तर ही सोय तिथे असेलच असं समजू नका.

शाळेबद्दल तर बिलकूल कचरू नका. टेक्सासमधल्या टायलर गावात बिनकागदी मुलांकडून वर्षाला १,००० डॉलर फी मागत होते. ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९८२ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला की अशा मुलांना सरकारी शाळेतून वगळता येणार नाही. शाळेत तुम्ही त्या हद्दीत राहता याचा पुरावा मागतील, लसीकरणाचा कागद मागतील. व्हिसा मागितला तर द्यायची गरज नाही. जेवणाच्या अर्जावर मोठ्या माणसाच्या सोशल सिक्युरिटी नंबरचे ("सोशल"चे) शेवटचे चार आकडे लिहायची जागा असते. तिच्याशेजारी "नंबर नाही" असा चौकोन असतो, तिथे खूण करा. जेवण मिळतं.

घरात गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई असेल, पाच वर्षांखालचं बाळ असेल, तर विक (WIC) या आया-बाळांच्या सरकारी पोषण योजनेच्या ऑफिसात न्या. दूध, अंडी, भाजी, फळं, बाळाचं फॉर्म्युला मिळतं आणि स्टेटस विचारत नाहीत.

आजारपणात माणसं सगळ्यात जास्त घाबरतात. छातीत दुखणारा एक स्वयंपाकी हॉस्पिटलच्या काउंटरवर "सोशल?" एवढं ऐकून दारातून परत फिरला होता. हा प्रकार पुन्हा होऊ नये म्हणून हे घरोघर सांगा: १९८६ च्या केंद्रीय कायद्यानुसार मेडिकेअर (मुख्यतः वृद्धांचा सरकारी विमा) घेणाऱ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत आलेल्या प्रत्येकाला तपासून त्याची प्रकृती स्थिर करावीच लागते. पैसे आणि कागद नंतर. नंबर विचारला तर "नाही" म्हणा, दुसऱ्याचा देऊ नका. उत्पन्न कमी असेल तर बाळंतपणासह इमर्जन्सीचा खर्च मेडिकेडचा इमर्जन्सी भाग उचलतो. बिल आलंच, तर फेकू नका आणि कार्डावर भरूही नका. हॉस्पिटलच्या आर्थिक मदत विभागात जाऊन चॅरिटी केअरचा (बिल माफ किंवा कमी करण्याचा) अर्ज मागा. राहत्या पत्त्याचा आणि उत्पन्नाचा पुरावा लागतो. पगार रोख मिळत असेल, तर मालकाची चिठ्ठी चालते का ते तिथेच विचारा.

कुठल्याही अर्जावर "यूएस सिटिझन"च्या चौकोनात खूण करू नका, मदत करणाऱ्याने "करून टाका" म्हटलं तरी. नागरिक असल्याचा खोटा दावा केला, तर पुढे लग्नामुळे किंवा मुलामुळे ग्रीन कार्डचा रस्ता उघडला तरी तो जवळपास कायमचा बंद होतो.

आता हे त्यांना द्यावं का, हा प्रश्न मला आपल्याच लोकांकडून येतो. "आम्ही एच-वन-बीवर (नोकरीच्या व्हिसावर) वर्षानुवर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत उभे आहोत, टॅक्स भरतो आणि हे मागून येऊन..." हा राग मला कळतो, मीही त्याच रांगेत झिजले आहे. पण ती रांग एका देशाला सात टक्क्यांच्या वर ग्रीन कार्ड न देणाऱ्या कायद्याने लांबवली आहे, विकच्या दुधाने नाही. टॅक्स तेही भरतात. आयटीईपी या करांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या हिशेबाने २०२२ मध्ये बिनकागदी लोकांनी ९६.७ अब्ज डॉलर कर भरला. त्यातले २५.७ अब्ज सोशल सिक्युरिटीचे, ज्याचं पेन्शन त्यांना मिळायचं नाही. रोख मदतीवर वाद होऊ शकतो, तो मी ऐकून घेईन. पण मुलाचं जेवण, शाळा आणि डॉक्टर यांना स्टेटसची अट असूच नये, असं माझं ठाम मत आहे. मधुमेहाची गोळी नाकारायची आणि पाय कापायची वेळ आल्यावर इमर्जन्सीत लाखो डॉलर घालायचे, यात करदात्याचंही भलं नाही.

एक सावधगिरी. २०२५ मध्ये मेडिकेडची माहिती केंद्राच्या इमिग्रेशन खात्याकडे गेली आणि त्यावरून कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या. त्यामुळे मोठ्या माणसाच्या नावाने सरकारी अर्ज करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला, किंवा न्याय खात्याची मान्यता असलेल्या प्रतिनिधीला विचारा. ना-नफा संस्थांमध्ये हे लोक कमी पैशांत भेटतात. ट्रॅव्हल एजंटला विचारू नका.

आणि सोबत जाता येत असेल तर जा. जमत नसेल, तर त्यांना काउंटरवर "मराठी इंटरप्रिटर" एवढे दोन शब्द म्हणायला शिकवून ठेवा. केंद्राचा पैसा घेणाऱ्या हॉस्पिटलला दुभाषी फुकट द्यावा लागतो, बहुतेक वेळा फोनवर मिळतो. शाळकरी मुलीला मधे बसवून आईच्या गर्भाशयाबद्दल विचारायला लावू नका.